हवाबीची सुई

सुई खांद्यावर टोचून स्वयंपाकघरात जाऊ नकोस, हे मी हवाबीला किती वेळा सांगितलं असेल! पण ऐकेल तर ती हवाबी कसली. ती रत्नागिरीकडची, मी मालवणची. इथे आखातात, वादी अदाई वस्तीत एकाच मजल्यावर आमची समोरासमोर दारं, त्यामुळे तिच्यावर ओरडायचा हक्क मी केव्हाच घेऊन ठेवलाय.

ती कुम्मे शिवते. कुम्मा म्हणजे इथल्या पुरुषांची गोल नक्षीदार टोपी. पांढऱ्या कापडाला बारीक भोकं पाडायची आणि एकेका भोकाभोवती रेशमी दोरा फिरवत बसायचं. एका टोपीत डोळ्यांचं पार पाणी होतं. हे काम तिला आमची घरमालकीण उम्म सईद मिळवून देते. ती इथलीच, तळमजल्यावर राहते, आमच्याशी हिंदीत बोलते, पण बोलते कमी आणि बघते जास्त. मला तिची थोडी भीतीच वाटते. हवाबीला तर फारच.

रमजान संपत आला की हवाबीचा एक हात टोपीत आणि एक पिठात. नवरा अमीन लांब इब्री गावात दुकानात कामाला, तो ईदलाच उगवणार. मुलं, मुनिबा आणि जुनैद, शाळेतून आली की मोबाइलमध्ये डोकं घालून बसणार. कुकरची शिट्टी झाली की ही उठते, सुई खांद्यावर टोचते आणि ओट्याशी पळते.

यंदा उम्म सईदच्या तीन वर्षांच्या नातवासाठी, रेहानसाठी, छोटा कुम्मा शिवायचा होता. चंद्र दिसला तर ईद दुसऱ्याच दिवशी, आणि टोपीची एक ओळ अजून बाकी. त्यातच हिने खोबऱ्याच्या करंज्यांचा घाट घातला. पहिला घाणा निघाला तसं ताट भरून जुनैदच्या हाती खाली पाठवलं आणि पुन्हा शिवायला बसली. बसताना हात खांद्याकडे गेला. खांद्यावर सुई नव्हती.

"रेवाताय, माझी सुय दिसत नाय," दारात येऊन ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की मी हातातली कणीक टाकून धावले.

चटई झटकली, ओढणी झटकली, मुलांना उठवून गादी उलटी केली. मग दोघींची नजर एकदमच परातीकडे गेली. मी फ्रिजवरचं लोहचुंबक काढून उरलेल्या पिठावरून फिरवलं. घरातल्या करंज्या एकेक करून फोडल्या. खोबऱ्याचा ढीग झाला, सुई मिळाली नाही.

"खालचं ताट," मी म्हटलं.

हवाबी जागची हलेना. "ती मना घरातून काढील गो. काम पण जाईल."

"आणि पोराच्या घशात गेली तर?"

मग मात्र ती अनवाणीच जिना उतरली. मी मागे. उंबऱ्यातच रेहान बसला होता, हातात अर्धी करंजी, गाल फुगलेले. हवाबीने ती हातातून हिसकली आणि त्याच्या तोंडात बोट घालून सगळा घास बाहेर काढला. पोर किंचाळलं. उम्म सईद आतून आली.

"मेरा सुई... आटे में गिरा होगा," हवाबी कशीबशी बोलली. "माफ करना."

"इसने एक खाया," उम्म सईद म्हणाली. बस, एवढंच. तिने हवाबीच्या हातातली अर्धी करंजी ताटात टाकली, ताट उचललं, नातवाला कडेवर घेतलं, मुलाला हाक मारली आणि दार लावून घेतलं.

वर येऊन आम्ही खिडकीत उभ्या राहिलो. तिचा मुलगा रेहानला दवाखान्यात न्यायला गाडीत बसला. इंजिन सुरू झालं. हवाबी ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटत होती आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की मला कळ आली. मीही माझ्या देवाला हाका मारत होते. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. इंजिन बंद झालं. दार उघडून कोणीतरी पळत घरात गेलं. काय झालं म्हणून खाली जाऊन विचारायची दोघींचीही हिंमत होईना.

मग जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. उम्म सईद दारात उभी होती, हातात तेच ताट. त्यात तीच रेहानची अर्धी उष्टी करंजी. त्याच्या दुधाच्या दातांची कड स्पष्ट दिसत होती, आणि त्या कडेपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर उकरलेल्या सारणातून सुईचं टोक बाहेर आलं होतं. गाडी थांबवली होती ती यासाठीच.

उम्म सईदने सुई उपसली, आपल्या ओढणीने पुसली आणि हवाबीच्या तळहातावर ठेवली.

"कुम्मा सुबह चाहिए," ती म्हणाली. "नमाज़ से पहले."

ती गेल्यावर हवाबी खाली बसून ढसाढसा रडली. मग डोळे पुसून दोरा ओवायला लागली. दोरा काही नेढ्यात जाईना, शेवटी मीच ओवून दिला.

"रेवाताय, पीठ तू मळ," ती म्हणाली. "मी आज पिठाला हात लावायची नाय."

ईदच्या करंज्या मग मीच केल्या. त्या सगळ्यांनी खाल्ल्या. हवाबीने मात्र प्रत्येक करंजी आधी मोडून पाहिली आणि मगच मुलांच्या हातावर ठेवली.