टीचरनं मागितलेली मुडी

चेन्नईजवळच्या आवडी गावाला आम्ही गेलो ते नवऱ्याच्या संरक्षण खात्यातल्या नोकरीमुळे. कारखान्याचं क्वार्टर मिळालं आणि तिथल्याच एका शाळेत मला बालवर्ग मिळाला. पोरं सगळी तमिळ, आणि माझं तमिळ शून्य. पण मी साताऱ्याची. भाषा येत नाही म्हणून गप्प बसेन होय!

वर्गात एक चिमुरडी होती. कमरेपर्यंत वेणी, वेणीत रोज ताजा गजरा, आणि चिकाटी म्हणाल तर औषधालाही नाही. मणी ओवायला दिले की थोडे ओवायची, एखादा निसटला की दोरा टाकून मोकळी. “मुडियल, टीचर.” म्हणजे जमत नाही, पुरं होत नाही. रंगवायला हत्ती दिला तर सोंड तेवढी रंगवायची. नुसत्या सोंडेचं मी काय करू? आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी मला बजावलं होतं, परीक्षेला ही पोर एक अख्खी माळ अर्धवट न सोडता ओवणार नसेल तर पहिलीत जायची नाही. सगळा वर्ग पुढं जाणार आणि ही मागं राहणार. माझा जीव तुटायचा. पोर हुशार होती हो!

मग मी डोकं लढवलं. ‘मुडियल’ म्हणजे पुरं होत नाही. त्यातलं ‘नाही’ काढून टाकलं की उरलं ‘मुडी’. म्हणजे पुरं कर! मराठीत ‘करवत नाही’मधून ‘कर’ निघतं की नाही, तसंच. कुणाला विचारायची गरजसुद्धा वाटली नाही मला. तिनं दोरा टाकला की मी शेजारी फतकल मारून बसायची, पाठीवरून हात फिरवायची आणि अगदी गोड आवाजात म्हणायची, “मुडी, कण्णा, मुडी!” कण्णा म्हणजे बाळा, तेवढं मी उचललं होतं. ती टकामका बघायची आणि वेणी पुढं घेऊन घट्ट धरायची. मला वाटायचं, लाजतेय. परीक्षा जवळ आली तसा माझ्या तोंडाचा पट्टा वाढला. उठता बसता मुडी.

आणि एका सोमवारी ती वर्गात आली ती डोक्याचा तुळतुळीत गोटा करून. वर चंदनाचा पिवळा लेप.

“अगं बाई! हे गं काय?” मी किंचाळलेच. तिकडे लहान पोरांचे केस देवाला देतात, हे मला माहीत होतं. पण ती सरळ माझ्या टेबलापाशी आली, दप्तरातून वर्तमानपत्राचं पुडकं काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. “मुडी, टीचर.”

मी पुडकं सोडलं. आत तिची अख्खी वेणी होती, रिबिनीसकट.

तिची आई दारातच उभी होती. माझा आवाज ऐकून मोठ्या बाई धावत आल्या. त्या तंजावरकडच्या मराठी, कैक पिढ्या तिकडंच गेलेल्या, मराठी बोलायच्या तीसुद्धा तमिळ हेलात. आई त्यांच्याशी भडाभडा बोलली. मग बाई माझ्याकडे वळल्या.

“अहो, तुम्ही या पोरीला रोज ‘मुडी मुडी’ म्हणता की काय?”

“म्हणते ना. पुरं कर म्हणून.”

“अय्यो! मुडी म्हंजे केस हो, केस! पुरं कर म्हणायला ‘मुडिच्चिडु’. हिच्या आईला वाटलं डोक्यात उवा झाल्यात, टीचर रोज तेच सांगतात. लाजेनं गोटा करवला तिनं.”

“आणि ही वेणी? ती कशाला आणली?”

बाईंनी पोरीला विचारलं. पोर खाली बघून पुटपुटली, आणि ते मराठीत सांगताना बाईंचाही आवाज उतरला. “म्हणते, मणी जमले नाहीत तर टीचरला केस द्यायचे. टीचर रोज मागत होत्या.”

पाठीवरून हात फिरवत, कण्णा कण्णा करत, मी त्या लेकराचे केस मागत होते! आणि ते लेकरू रोज वेणी मुठीत धरून माझ्या वर्गात बसत होतं. मी आईचे हात धरले, मराठीत, हिंदीत काय काय बोलले देव जाणे. ती बिचारी उलट माझीच समजूत काढत होती की केस काय, येतील. वेणी मी गुंडाळून कपाटात ठेवली. फेकायची तरी कशी?

परीक्षा त्याच आठवड्यात होती. बाई समोर खुर्ची टाकून बसल्या, पोरीनं ओवायला घेतलं. माळ निम्मी झाली आणि एक मणी निसटून गडगडत गेला. मी ओठ दाताखाली धरले, एक शब्द काढला नाही. तिचा हात सवयीनं मानेपाशी गेला. तिथं काहीच नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं.

“मुडी इल्लै, टीचर.” केस नाहीत आता, टीचर.

मग ती उठली, कोपऱ्यातून मणी घेऊन आली, ओवला. पुढचा निसटला, तोही उचलून ओवला. शेवटच्या मण्यापर्यंत तिनं मान वर केली नाही. बाई टाळ्या वाजवायला लागल्या. “गेली हो, पहिलीत गेली!”

पोर माझ्यापाशी आली. गाठ मारलेली माळ तिनं माझ्या हातात ठेवली आणि आपला रिकामा तळहात पुढं केला. एवढं तमिळ मला एव्हाना कळत होतं.

“मुडी कुडुंग, टीचर.” माझे केस द्या.