काळी वायर बॉडीला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवळात एकटा उभा असताना देवालाही गाऱ्हाणी सांगितली, मागणं मागितलं, पण एवढं वगळून. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू — थकलोय. दुसरं काही कारण नाही. आठ वर्षं एकच गोष्ट लपवायची म्हणजे रोजचं थोडं थोडं काम असतं. कुठं बोलणं तोडायचं, कुठला विषय निघाला की चहा सांगायचा — त्या कामाचा आता कंटाळा आलाय.

माझं शिरूरला गाड्यांच्या एसीचं दुकान आहे. मूळ गाव निमोणे. उन्हाळाभर मान वर करायला फुरसत नसते आणि पावसाळ्यात माश्या मारत बसतो. लोक म्हणतात, माणूस सरळ आहे. गॅस भरायची गरज नसेल तर मी तसं तोंडावर सांगतो, गिऱ्हाईक परत पाठवतो. हे खरं आहे. मी सरळच आहे, एक गोष्ट सोडली तर. पण एक गोष्ट सोडून सरळ, असं काही असतं का? 

शमुवेल मामांबद्दल आधी सांगायला हवं. मामा इंजिनाचे मिस्त्री. मिशनच्या जुन्या आवाराला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. मी नवा होतो, जागा घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा त्यांनी न विचारता अर्धी शेड मला मोकळी करून दिली. नात्याचा ना गोत्याचा मी. मामींचा डबा दोघांना पुरेल असा यायचा आणि मामा तो उघडताना माझ्याकडं न बघताच दोन भाकऱ्या बाजूला काढून ठेवायचे. काम अगदी काटेकोर. इंजिनाचा हेड, म्हणजे वरचं झाकण, आवळताना प्रत्येक नट मोठ्यानं मोजायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या पुन्हा सगळे नट तपासायचे. लोखंड रातीत बसतं, म्हणायचे. रविवारी मात्र शेड बंद. पांढरा शर्ट घालून चर्चला.

तर — गाडी.

राहू गावचे एक आप्पा होते, मोठे बागायतदार. त्यांनी पुण्यात कुणाकडून तरी एक जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी उचलून आणली होती. दोन दारं, दोनच माणसांची जागा, बंद टप, तोंड एवढं खाली की आमच्या स्पीडब्रेकरवर घासावं. इंजिन जाम झालेलं. मामांनी वर्षभर खपून ते उभं केलं. जे पार्ट मिळाले नाहीत ते लेथवर करून घेतले. गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी मामा हात पुसत बराच वेळ तिच्यापाशी उभे राहिले. मला त्यांचा हेवा वाटला होता. तेही लिहूनच टाकतो.

मग आप्पांच्या मनात आलं की हिला एसी हवा. मे महिन्यात मुलाचं लग्न होतं. नवरदेव गाडीत, गाडी बाप चालवणार, काचा वर, आत गारवा. मामांना ते पटलं नाही. ही गाडी पळायला बनवली हाय, हिला पळताना वारा पुरतो, म्हणाले. पण हौस आप्पांची होती आणि काम मला मिळणार होतं. माझ्याकडं बघून मामांनी विरोध सोडला.

काम अवघड होतं पण जमलं. कॉम्प्रेसरला पट्टी घडवली, डॅशबोर्डच्या खाली गार हवेचा डबा बसवला, आणि रेडिएटरच्या पुढं एसीची जाळी. आता पुढं जाळी आली की रेडिएटरला वारा कमी मिळतो. म्हणून तिच्यापुढं विजेवर चालणारा एक जादा पंखा लावायचा, तो बाहेरची हवा आत ढकलतो. गाडी पळत असेल तर त्याचं फारसं काम नसतं. उभी असेल, रांगत असेल, तेव्हा सगळा भार त्याच्यावर.

आणि इथं एक मेख होती. आजच्या कुठल्याही गाडीत बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. आम्ही काळी वायर डोळे मिटून बॉडीला लावतो. त्या जुन्या गाडीत उलटं होतं — पॉझिटिव्ह बॉडीला. मामांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं. मी हो हो म्हणालो होतो. डॅशबोर्डखालचं काम मी त्यांच्या देखत केलं, तेव्हा बरोबर ध्यानात ठेवलं. पुढचा पंखा लावला तो लग्नाच्या आधीच्या रविवारी. मामा चर्चला गेलेले, मी एकटा, गाडी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. हातानं सवयीनं जे केलं ते केलं. काळी वायर बॉडीला.

पंखा फिरला. आवाज आला. पण तो उलटा फिरत होता — हवा आत ढकलण्याऐवजी बाहेर फेकत होता.

हे ओळखायला काही विद्या लागत नाही. जाळीपुढं कागद धरायचा. चिकटला तर पंखा बरोबर, उडाला तर उलटा. कामावर आलेल्या प्रत्येक पोराला हे मी पहिल्या दिवशी शिकवतो. त्या दिवशी मी कागद धरला नाही. का नाही धरला? घाई होती, ऊन होतं, भूक लागली होती — राहू द्या. नाही धरला. न्हावऱ्याच्या रस्त्यानं गाडी जोरात पळवून आणली, आत थंडगार झालं, इंजिन तापल्याचा काटा जागचा हलला नाही, मी खूश.

लग्नाला आम्ही दोघंही गेलो. आप्पांनी मामांना मानानं फेटा बांधला. दुपारी चार वाजता मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाची मिरवणूक निघाली. पुढं बँड, बँडपुढं नाचणारी पोरं, आणि मागं ती गाडी — चार पावलं पुढं, दोन मिनिटं उभी. एसी चालू. वरून मे महिना. पळण्यासाठी बनवलेली गाडी आम्ही बैलगाडीपेक्षा हळू चालवत होतो, आणि तिचा एकमेव आधार असलेला पंखा तिच्याच विरुद्ध फिरत होता. मांडव दिसायला लागला तशी बॉनेटमधून वाफ आली. आप्पांनी तिथंच इंजिन बंद केलं असतं तर — नाही, हे मी सांगणार नव्हतो. त्यांनी मांडवापर्यंत नेण्यासाठी रेस दिली आणि इंजिन मोठा आवाज करून बसलं. नवरदेव उतरून चालत गेला. बँड थांबला होता, त्यामुळं सगळ्यांना सगळं ऐकू आलं.

आप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "मामा, हात गेला तुमचा आता. आधी सांगायचं व्हतं, मी दुसरीकडं दिलं असतं काम."

मामा बॉनेटकडं बघत होते. "व्हय आप्पा. माझंच काय तरी राहिलं असंल," म्हणाले. फेटा काढून त्यांनी हातात घेतला. परतीच्या वाटेवर तो त्यांच्या मांडीवर होता.

तोवर मला काही माहीत नव्हतं, शपथेवर सांगतो. मलाही वाटलं होतं, इंजिनच गेलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी टेम्पोतून शेडवर आलेली होती. मी लवकर गेलो. का गेलो? कुठंतरी शंका असणारच. पंख्याचं बटण दाबलं आणि वर्तमानपत्राचं पान जाळीपुढं धरलं. पान उडून माझ्या छातीवर आलं.

मामा यायला अर्धा तास होता. मी थांबू शकत होतो. पान हातात धरून उभा राहिलो असतो तरी मामांना सगळं कळलं असतं, मला तोंडानं बोलावंही लागलं नसतं. मी पान खाली ठेवलं, जोड सोडला, दोन वायरी उलट केल्या, वर टेप गुंडाळली. दोन मिनिटांचं काम. मग बाहेर जाऊन चहा पीत बसलो.

मामांनी आल्यावर पहिलं काय केलं असेल? तेच पान उचललं आणि माझ्या पंख्यापुढं धरलं. पान चिकटलं. "पंखा बरोबर हाय," ते स्वतःशीच म्हणाले, आणि स्वतःचं इंजिन उघडायला घेतलं. हेडचं गॅसकेट जळालेलं, हेड वाकलेला. दिवसभर ते एकेक नट हातात घेऊन आपली चूक शोधत होते. मी शेजारी दुसऱ्या गाडीत गॅस भरत होतो.

इंजिन त्यांनी पुन्हा बांधलं. गाडी आजही झकास चालते, एसी लावून उभी केली तरी तापत नाही. तापेल कशी? पण मामांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. दुसऱ्यांदा नीट केलं तर चाललं, म्हणजे पहिल्यांदा आपलंच चुकलं होतं. आप्पांनी चारचौघांत माझं नाव घेतलं, जुन्या गाडीला एसी बसवणारा पोरगा म्हणून, आणि लांबलांबची गिऱ्हाइकं माझ्याकडं यायला लागली. मामांकडं येणारी कमी झाली. जे आले त्यांनाही ते नको म्हणू लागले. हात थरथरत नव्हता, नजर चांगली होती, पण नट आवळला की तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तपासायचे आणि तरी गाडी द्यायला घाबरायचे. वर्षाच्या आत त्यांनी इंजिनं उघडणं सोडलं. उरलेली अर्धी शेडही मलाच दिली. दोन वर्षांपूर्वी गेले. दफनाच्या वेळी कुणीतरी हळहळून म्हणालं की सोन्यासारखा मिस्त्री, पण शेवटी हातानं दगा दिला. मी मान डोलावली.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. मलाही बरीच वर्षं तसंच मानायचं होतं. वायरी उलट केल्या तेव्हा घाबरलो होतो, तरुण होतो, विचार करायला वेळ नव्हता — असं स्वतःला सांगता येतं. पण एक दिवस असा होता की वेळ भरपूर होता.

लग्नानंतरचा पावसाळा. दुकानात गिऱ्हाईक नाही. मामा त्यांच्या बाजूनं उठून माझ्याकडं आले, स्टुलावर बसले. मी चहा सांगितला. त्यांनी कप हातात धरून ठेवला, पिईनात.

"एक इचारू का बाळा," म्हणाले. "त्या दिवशी पंख्याच्या जोडावर टेप नवी दिसली मला. लय दिवस मनात हाय. पंखा पहिल्यापासनंच सरळ फिरत व्हता न्हवं? मी कुणाला सांगणार न्हाई, आप्पांना तर न्हाईच. झालं ते झालं. मला फकस्त कळाया पायजे — माझा हात खरंच गेला का."

आजूबाजूला कुणी नव्हतं. ते रागावणार नव्हते. माझं दुकान जाणार नव्हतं, नाव जाणार नव्हतं. त्यांना फक्त स्वतःचा हात परत हवा होता, आणि तो माझ्याकडं होता. एक शब्द बोलायचा होता.

"टेप वाफेनं सुटली व्हती मामा, म्हणून नवी लावली," मी म्हणालो. "पंखा पहिल्यापासनं तसाच व्हता."

मामांनी ते ऐकून घेतलं. माझ्या शब्दावर त्यांनी लगेच विश्वास ठेवला, मला दिसलं ते. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्यापुढं, त्यांच्या निम्म्या वयाच्या माणसापुढं, दोन्ही हात जोडले. "तुझ्यावर संशय घेतला मी," म्हणाले. "मला माफ कर."

"असू द्या मामा," मी म्हणालो. आणि त्यांना माफ केलं.