पोचा गेलेला हंडा

परदेशी निघायच्या दिवशी पुण्याच्या घरात माझी बॅग चौथ्यांदा वजनकाट्यावर चढली, तेव्हा आईने तांब्याचा हंडा पुढे केला. "तिथे चोवीस तास पाणी असतं, हंडा कशाला लागेल?" म्हणून मी तो परत दिला. आईने त्या जागी मेतकूट कोंबलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलली.

हंडा काही साधासुधा नव्हता. मी शाळेत असताना आमच्या वसाहतीत आठवडाभर पाणी आलं नव्हतं. आईने महापालिकेवर बायकांचा हंडा मोर्चा नेला आणि साहेबांच्या टेबलावर हंडा असा आदळला, की त्याला मुठीएवढा पोचा पडला. तिसऱ्या दिवशी पाणी आलं. पुढे पाहुण्यांना माझ्या प्रगतिपुस्तकाआधी तो पोचा दाखवला जायचा. मोर्चाचा फोटो मात्र कुणी काढला नव्हता.

आइंडहोवनजवळच्या या गावात मला आता बारा वर्षं झाली. पुण्यातले तुम्ही सगळे दर फोनला विचारता, रमलीस का. मी हो म्हणते. चिप बनवायच्या यंत्रांवर काम करते, सायकलवरून भाजी आणते, पण काही बिनसलं तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं, हे मला कधी कळलं नव्हतं. इकडे आलेल्यांना विचारा, तेही हेच सांगतील.

शेजारची आनेके आंदोलनांतल्या वस्तूंचा संग्रह सांभाळते. जुने फलक, शिट्ट्या, वाजवून वाजवून चेपलेली झाकणं. कॉफीबरोबर मोजून एक बिस्किट देत तिने आईचा किस्सा ऐकला आणि हंडाच मागितला. मी आईला फोन केला. तासाभरात अख्ख्या सोसायटीला कळलं, की तिचा पोचा काचेच्या कपाटात बसणार.

उन्हाळ्यात आई हंडा घेऊन आली. आनेकेने हातमोजे घालून गाठोडं सोडलं. आधी आतले तांदूळ काढावे लागले, कारण रिकामं भांडं कुणाला देऊ नये. मग तिने हंडा फिरवला, पुन्हा फिरवला. चकचकीत, गोल गरगरीत. बांधाबांध बाबांनी केली होती आणि त्याआधी गुपचूप तांबटाकडून पोचा काढून आणला होता. फोनवर म्हणाले, "परदेशात पोचा पडलेलं भांडं पाठवायचं? लोक काय म्हणतील?" वर सुचवलं, की फारच अडलं असेल तर तिथेच एक पाडून घ्या. आनेकेचं म्हणणं, आंदोलनाशिवाय पडलेला पोचा संग्रहात चालत नाही.

"तेवढाच पुरावा होता गं माझा," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला बाबांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. तेव्हाच हंडा आणला असता तर पोचा वाचला असता.

त्याच महिन्यात वस्तीतलं वाचनालय बंद करायचं ठरलं. माझी आठ वर्षांची इरा रडून बेजार झाली. तिला मराठी समजतं, पण उत्तर डचमध्येच येतं. शेजाऱ्यांनी निदर्शनं ठरवली. त्यासाठी इथे आधी खेमेंटेला, म्हणजे नगरपालिकेलाच, कळवावं लागतं: माणसं किती, वेळ किती, आवाज होणार का. ज्यांच्यावर मोर्चा त्यांनाच आमंत्रण, हे आईला पटेना. त्यात निदर्शनांच्या दिवशी नगरपालिकेचा अधिकारीच बाहेर येऊन सगळ्यांना कॉफी देऊ लागला. आई अगदी हिरमुसली. पाहुणचार घेऊन भांडायचं कसं? तिने कॉफी संपवली, त्याला नमस्कार केला, ओढणी कमरेला बांधली आणि घरून आणलेला हंडा पायरीच्या दगडावर आदळला.

"आजी, अजून एकदा," इरा ओरडली. मराठीत, सगळ्यांसमोर.

निर्णय तीन महिने पुढे गेला. नवा पोचा जुन्याहून मोठा होता. आनेके लगेच फॉर्म घेऊन आली, पण आईने हंडा दिला नाही. अजून निकाल कुठे लागलाय, म्हणाली. तिच्या परतीच्या दिवशी मी तो तिच्या बॅगेत ठेवू लागले, तर तिने काढून चपलांच्या कपाटावर ठेवला.

"घरीच असू दे," ती म्हणाली. "लागेल."

ती पुण्याला निघाली होती, आणि घर म्हणत होती ते या घराला.