बिननावाची ओळ

सूनबाईच्या संगणकावर आज नुसत्या आकड्यांच्या ओळी दिसल्या. सरकारनं घरोघरी जाऊन केलेली पाहणी. एक ओळ म्हणजे एक माणूस, नाव मात्र काढलेलं. नाव नसलं की माणूस बोटभर जागेत मावतो. सूनबाई कॉलेजात शिकवते, या ओळींवरून बायकांच्या कामावर लिहितेय.

असाच एक पाहणीवाला आमच्या दारी आला होता. "बाई काय काम करतात?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, घरीच असते." तेवढ्यात आमची ही वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन अंगणात आली. दोन म्हशी तिच्याच जिवावर होत्या. ऐकून हसली. म्हणाली, "लिहा भाऊ, मालक सांगतात तसं. आणि चहा घेऊन जा, तोही कुणी केला नाही असं लिहा."

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. मी सुनेला म्हणालो, "तिची ओळ शोध आणि दुरुस्त कर."

"बाबा, कोणाची कोणती ते कळू नये म्हणूनच नावं काढतात. आणि काम करत नाही असं लिहिलेल्या बायका यात ढिगानं आहेत."

म्हणजे तेवढ्या दारांत माझ्यासारखा एकेक शहाणा बसलेला असणार.

"मग तुझ्या लिखाणात घाल," मी म्हणालो, "एक म्हातारा खोटं बोलला होता. माझं नाव घातलंस तरी चालेल."