वैनी, कोंबडी सांभाळा

माझा धाकटा भाऊ कॉलेजात गेला आणि आमच्या भोरच्या घरात कॉम्प्युटर आला. अभ्यासासाठी आला, हे वेगळं सांगायला नको. रोज संध्याकाळी हा बाबा त्यावर गेम खेळत बसायचा आणि इकडं माझं डोकं फिरायचं. खेळण्याबद्दल काही नाही, खेळा की खुशाल. पण दर दोन मिनिटाला सेव्ह! पूल ओलांडायच्या आधी सेव्ह, ओलांडल्यावर सेव्ह, दार उघडायच्या आधी सेव्ह. दारामागून राक्षस निघाला आणि यानं मार खाल्ला, की शांतपणे मागचं उघडायचं आणि परत त्याच दारात जाऊन उभं राहायचं. ना खंत ना खेद. आणि वर मलाच सांगायचा, ताई, ही गेम लई अवघड आहे म्हणून. अरे, ज्याला मरायची भीतीच नाही त्याला अवघड कसलं?

आईनं एकदा मेथी निवडता निवडता त्याच्यामागं उभं राहून हा सगळा प्रकार पाहिला. तो एकाच ठिकाणी चार-पाच वेळा मेला आणि चार-पाच वेळा उठला. आईनं विचारलं, "मग यात हरायचं कधी?" त्यानं आणखी एकदा सेव्ह केलं. ती मेथी उचलून आत निघून गेली.

हे विचारायचा तिला अधिकार होता. आमच्या गल्लीत व्हिडिओ गेम सगळ्यात भारी कोण खेळायचं म्हणाल, तर माझी आई, आणि तिच्या जोडीला शेजारची चाची.

गेम खरं तर माझी. मी सहावीत असताना पुण्याच्या मामानं आणली होती. टीव्हीला जोडायचा डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. कॅसेटवर शेकडो गेम असल्याचं छापलेलं, प्रत्यक्षात त्याच पाच-सहा फिरून फिरून यायच्या. त्यात एक रणगाड्यांची होती. पडद्याच्या तळाशी विटांच्या भिंतीत एक पक्षी बसलेला. वरून शत्रूचे रणगाडे येणार, ते त्या पक्ष्याला मारायला बघणार, आणि आपण दोघांनी मिळून त्याला वाचवायचं. आपले जीव कितीही शिल्लक असोत, पक्षी मेला की खेळ खलास. मग परत पहिल्या लेव्हलपासून. मधलं काही राखून ठेवायची सोयच नव्हती.

माझी शाळा सकाळची. दुपारी जेवून मी खेळायला बसले की जोडीदार लागायचा. भाऊ तेव्हा बालवाडीत, त्याचा काही उपयोग नाही. एक दिवस आईला धरून बसवलं. ती खेळत असताना चाची कढीपत्ता मागायला आली आणि दारातच उभी राहिली. थोड्या वेळानं आत येऊन बसली. आणखी थोड्या वेळानं तिनं माझ्या हातातला रिमोट काढून घेतला. "जरा बगू दे गं," म्हणाली. तो रिमोट मला पुढं वर्षभर परत मिळाला नाही. माझा स्वतःचा व्हिडिओ गेम, आणि मी आपली बाजूला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतेय!

चाचीच्या मते तो पक्षी म्हणजे कोंबडी. आई म्हणायची घार आहे. पण चाचीचा आवाज मोठा, त्यामुळं कोंबडीच ठरली. दुपारभर आमच्या घरातून आरडाओरडा. "वैनी, कोंबडी सांभाळा!" "भाभी, डावीकडनं आला बघा!" एरवी दोघी एकमेकींना अहो-जाहो करायच्या, पण तिसरी-चौथी लेव्हल आली की सरळ अगंतुगं सुरू. डबा बंद झाला की परत अहो. समोरच्या काकूंनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, तुम्ही कोंबड्या कुठं पाळल्यात, दिसत तर नाहीत.

आईची गाडी पिवळी, चाचीची हिरवी. आई सावध. कोंबडीपासून लांब जायची नाही, आणि भिंतीची वीट पडली की तिचा जीव खालीवर व्हायचा. चाची मात्र सरळ वर घुसायची, शत्रूच्या दारात. त्यामुळं तिचे जीव आधी संपायचे. पण एकीचे जीव संपले की बटण दाबून दुसरीच्यातला एक घेता यायचा. चाची विचारायची, "वैनी, एक घेऊ का?" आई म्हणायची, घ्या की, विचारताय काय. कढीपत्त्याला जशी म्हणायची तशीच.

अडचणी मात्र हजार. नळाला पाणी दुपारीच यायचं. दूध उतू जायचं. अ‍ॅडॉप्टर इतका तापायचा की आई तो शहाबादी फरशीवर ठेवून मला सुपानं वारा घालायला बसवायची. आणि लाइट! भाटघरचं धरण आमच्या उशाला, तिथं वीज तयार होते, आणि आम्ही भोरकर अंधारात. याला म्हणतात दिव्याखाली अंधार. गुरुवारी तर लाइट नसायचीच. बाकीच्या दिवशी दहाव्या-बाराव्या लेव्हलला पोचलं की हमखास फट् करून जायची. चाची मग लाइटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

आई रिमोटच्या वायरी गुंडाळून कामाला लागायची. तिचं माहेर पाली, राजगडाच्या पायथ्याचं. लहानपणी ती भावंडांबरोबर गडावर येणाऱ्यांना ताक विकायला रोज वर जायची. एकदा मीच वैतागून म्हटलं की रोज काय पहिल्यापासून, कंटाळा नाही का येत तुम्हाला? तर म्हणाली, "काल निम्म्यात पोचले व्हते म्हणून आज निम्म्यातनं चढता येतंय व्हय? गड पायथ्यापासनंच चढायचा असतो." चाचीला हे एवढं पटलं की तिनं दोनदा मान डोलावली.

एकदा मात्र या गड चढणाऱ्या बाईनंच मधे मुक्काम करायचा घाट घातला. त्या दिवशी दोघी कधी नव्हे ते विसाव्या लेव्हलच्या पुढं गेल्या होत्या. तेवढ्यात नळाला पाणी आलं, पाठोपाठ चाचीकडं पाहुणे आले. आईनं पॉजचं बटण दाबलं, टीव्ही बंद केला, गेमचा डबा तसाच चालू ठेवला आणि त्यावर फडकं टाकलं. उद्या इथूनच पुढं, असं ठरलं. घरात मला आणि भावाला दम भरला की डब्याला बोट लावलंत तर बघा.

वडिलांना सांगायचं राहिलं. ते तहसील कचेरीत कारकून, आणि झोपण्याआधी घरभर फिरून एकेक बटण बंद करायची त्यांची जुनी शिस्त. फडक्याखाली लाल दिवा जळताना दिसला, त्यांनी तो बंद केला आणि समाधानानं झोपले. सकाळी आईनं फडकं उचललं. तिनं वडिलांना पुढं चहा दिला, डबा दिला, पण दोन दिवस शब्द दिला नाही. शेवटी वडिलांनी मला विचारलं, तुझ्या आईला झालंय तरी काय? मी म्हटलं, तुम्ही कोंबडी मारली. ते बिचारे कचेरीला जाईपर्यंत विचार करत होते.

आपल्या या गेमला पस्तीस लेव्हल असतात, हे चाचीला तिच्या माहेरी, वरवे बुद्रुकला, भाच्यानं सांगितलं. त्यानंतर काय होतं ते त्यालाही माहीत नव्हतं. झालं, तेव्हापासून दोघींना तेच. चाचीचं म्हणणं, शेवटी भिंती पडतात आणि कोंबडी उडून जाते. आई म्हणायची, उडून कशाला जाईल, एवढी राखलेली. काहीतरी छानसं चित्र येत असेल. मला कोंबडीशी काही घेणंदेणं नव्हतं, मला माझा रिमोट हवा होता. पण खरं सांगते, मलाही बघायचं होतं.

आणि मग हायवेचं काम निघालं. रस्ता चौपदरी होणार म्हणून कापूरहोळला गाळे निघाले. चाचा गाड्यांची वायरिंग करायचे. भोरात असून असून किती गाड्या असणार? त्यांनी फाट्यावर गाळा घेतला, वर राहायची खोली घेतली. चाचीनं ही बातमी आम्हाला सांगितली तेव्हा आई कणीक मळत होती. ती मळतच राहिली. मला वाटलं एवढं काय त्यात, कापूरहोळ म्हणजे एसटीनं अर्ध्या तासावर, काही दुबईला चालली नाही. पण दुपारची कामं आवरून मधे घटकाभर वेळ मिळतो, तेवढ्यासाठी कोणी एसटी पकडून शेजारणीकडं जात नाही. हे मला नंतर कळलं. त्या दोघींना तेव्हाच कळलं होतं.

ठरलं, की जायच्या आधी शेवट बघायचा. रोज बसायच्या आणि रोज काहीतरी आडवं यायचं. दिवस सरत चालले तशी चाचीची चिडचिड वाढली. चाचांनी सामान हलवायला गुरुवार काढला होता, कारण लाइट नाही म्हणजे दुकानाचा खाडा नाही. चाचीनं त्यांना सांगितलं की गुरुवारी वैनींचा उपवास असतो, मला जेवू न घालता त्या जाऊ कशा देतील? आई उपवास धरायची तो सोमवारचा. चाचांनी एक दिवस अलीकडचा, बुधवार धरला.

बुधवारी सकाळी टेम्पो दारात आला. वडील कचेरीत, मला उन्हाळ्याची सुट्टी. आईनं सामान चढवणाऱ्यांना पोहे दिले, भावाला समोरच्या काकूंकडं सोडलं आणि मला कामं वाटून दिली. पाणी मी भरायचं, दूध मी बघायचं, अ‍ॅडॉप्टरला वारा मी घालायचा, दारात कोणी आलं तर मी बोलायचं. मग दोघी मांडी घालून बसल्या.

त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. चाची वर घुसली नाही, आईच्या बरोबरीनं कोंबडीजवळ थांबून खेळली. दहावी लेव्हल गेली, विसावी गेली. लाइट गेली नाही. मी दर थोड्या वेळानं पंख्याकडं बघत होते, तो फिरत होता. तिसाव्याच्या सुमाराला चाचीचे जीव संपले. तिनं नुसतं आईकडं बघितलं, आईनं मान हलवली, चाचीनं एक घेतला.

बाहेर सामान भरून झालं. चाचांनी हाक मारली, मी जाऊन सांगितलं की येतेय. दुसऱ्यांदा हाक मारली, म्हटलं चहा घेतेय. तिसऱ्यांदा ते स्वतःच दारात आले, तेव्हा थापा संपल्या होत्या. मी म्हटलं, "चाचा, दोनच लेव्हल राहिल्यात." त्यांनी आत डोकावलं. आता हे चिडणार असं मला वाटलं. पण ते चपला काढून उंबऱ्याशी टेकले आणि टीव्हीकडं बघत बसले.

पस्तिसावी लेव्हल फार वेळ चालली. भिंतीच्या विटा सगळ्या गेल्या, कोंबडी उघडी पडली. आईची गाडी एका बाजूला, चाचीची दुसऱ्या बाजूला. शेवटचा रणगाडा चाचीनं फोडला. आईनं रिमोट मांडीवर ठेवला आणि पदरानं हात पुसले. आम्ही चौघं पडद्याकडं बघत होतो.

पडदा करडा झाला. त्यावर आलं, स्टेज एक.

मग त्याच विटा, तीच पहिल्या दिवसाची मांडणी, आणि खाली भिंतीत बसलेली कोंबडी.

"वैनी, हे तर पयलंच हाय," चाची म्हणाली. मला इतका राग आला की डबा उचलून आपटावासा वाटला. एवढं करून शेवट नाही? मेलं एखादं चित्र तरी दाखवायचं! वरून रणगाडे यायला लागले होते, पहिल्यापेक्षा जोरात. दोघींनी रिमोट उचलले. चाचा बाहेर गेले, आणि टेम्पोवाल्याला इंजिन बंद कर म्हणाले.

पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी सुरू झाली. मग चाचीच उठली. तिनं रिमोट आईच्या शेजारी फरशीवर ठेवला, डोक्यावर ओढणी घेतली, माझ्या गालावरून हात फिरवला. आईकडून घेतलेला तो एक जीव तिच्याकडं अजून शिल्लक होता. "माजी गाडी हितंच हाय," आईला म्हणाली. "असू दे," आई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. चाचीनं तिच्या खांद्याला हात लावला आणि ती गेली.

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला. मी दाराकडं पळाले, परत आत आले, म्हटलं आई, पॉज दाब ना, ती चालली, ये की बाहेर. आई हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अंगठे चालू होते. टेम्पो वळला तशी मी चिडून तिच्याजवळ येऊन बसले, तिला काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात पडद्याकडं नजर गेली.

चाचीची हिरवी गाडी उजव्या कोपऱ्यात उभी होती, ती सोडून गेली तिथंच. आईची गाडी कोंबडीपाशी नव्हती. ती त्या हिरव्या गाडीपुढं आडवी लावलेली होती. जो रणगाडा तिकडं वळेल त्याला आई फोडत होती. डावीकडून एक सरळ खाली उतरला, मोकळ्या वाटेनं कोंबडीपर्यंत गेला. आईला तो दिसला नसेल असं नाही.

कोंबडी गेली. गेम ओव्हरची अक्षरं खालून वर सरकत आली. हिरवी गाडी कोपऱ्यात तशीच उभी होती, तिला एकही गोळी लागली नव्हती.