दोन्ही हात पुढं

“हात कर. एक न्हाई गं, दोन्ही!”

चाची भेटली की आधी हे. राम राम नाही, सलाम नाही. समोरच्यानं ओंजळ धरली की पदराची गाठ सोडून मूठभर बी त्यात ओतायचं, आणि मग विचारायचं, “बरी हायेस ना?” बाजारात, लग्नाच्या मांडवात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा! एकदा माझ्या गिरणीत आली. माझे हात पिठानं माखलेले. म्हटलं, “चाची, हात तरी धुऊ दे.” तर म्हणते, “ओले हात चालत न्हाईत, पिठाचे चालतात. धर जल्दी.”

तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी हसनाबादेत कुणी ओळखायचं नाही. चाची म्हटलं तर अख्खं गाव बोट करून घर दाखवील. घरात उर्दू, गल्लीत आमच्यासारखी मराठी, आणि भांडायला लागली की दोन्ही एकदम. गावाबाहेर ओढ्याकाठी तिचं पदराएवढं वावर होतं. त्यात ती हुरड्याची ज्वारी लावायची. लग्नात आईनं पदराला बांधून दिलेलं बी, तेव्हापासून दर साल धरलेलं. त्या हुरड्याचं काय सांगू तुम्हाला! कणीस भाजून हातावर चोळलं की दाणा टपाटप मोकळा होतो, आणि गोड असा की ताटलीतला गूळ तसाच राहतो. बाकी सगळ्यांच्या वावरात बाजारातलं बियाणं आलं होतं. हुरड्याचे दिवस आले की मात्र सगळ्यांना चाचीची आठवण यायची. लबाड लोक सगळे, मी धरून.

मग एक दिवस पंचायतीत बैठक झाली. कृषी खात्याचे एक साहेब जालन्याहून आले होते. म्हणाले, जुन्या गावरान वाणांची सरकारदरबारी नोंद होणार. वाण जपणाऱ्यांचं नाव लागणार. आणि गावच्या बायकांनी सांभाळायचं कबूल केलं तर बियाणं ठेवायला खोलीही मिळणार. आमचा बचत गट असा उसळला म्हणता! मीच उठून ओरडले, “चाचीची ज्वारी!” चाची शेजारीच बसली होती. मला चिमटा काढून म्हणाली, “हळू बोल गं, नजर लागंल.” पण डोळे बघायला हवे होते तिचे.

साहेब म्हणाले, उभं पीक बघायला येतो, पुढं पिकलं की त्यातलंच बी तपासणीला नेतो. हे ठरलं आणि गावात लगीनघाईच सुरू झाली. रस्ता झाडला, पंचायतीसमोर रांगोळी काढली.

आता तुम्हीच सांगा, हुरड्याच्या दिवसांत पाहुणा वावरात आला आणि हुरडा न खाता गेला, असं आमच्याकडं चालतं का? बिलकुल नाही. चाचीनं सकाळीच गोवऱ्यांची आगटी पेटवली, आणि वावराकडं पाठ करून जी भाजायला बसली ती उठलीच नाही. बायकांना म्हणाली, “चार कणसं आणा गं पाहुण्यांपुरती.” एक गेली, कणसं आणली. दुसरीला वाटलं पुरायची नाहीत, ती गेली. साहेबांबरोबर जीपभर माणसं उतरली, त्यांच्यामागं अर्धं गाव आलं, मग तिसरी गेली, चौथी गेली. प्रत्येकीनं आपल्या मनानं चारच तोडली!

चाची खूश. साहेबांना म्हणाली, “साब, हात करा. एक न्हाई, दोन्ही!” साहेब गोंधळले, पण केले. गरम हुरडा ओंजळीत पडला, तसे हात भाजून नाचायला लागले. आम्ही हसून हसून बेजार. शेंगदाण्याची चटणी, दही, पुन्हा हुरडा. शेवटी हात पुसत साहेब उठले, “वा चाची! चला, आता पीक दाखवा.”

चाची वळली, आणि तशीच उभी राहिली. वावरात नुसती बिनकणसाची बोडकी ताटं.

“साब,” ती म्हणाली, “आत्ता तुम्ही खाल्लं, ते.”

साहेबांनी हळूच सांगितलं, पिकलेलं बी नाही तर नोंद नाही, त्यांच्याही हातात काही नाही. चाची बांधावर मटकन बसली. पुढच्या सालच्या पेरणीचं बीसुद्धा त्याच वावरात होतं; पदराची गाठ वाटून वाटून केव्हाच मोकळी झाली होती. “आईनं दिल्तं गं,” ती म्हणाली, “अन् मी माझ्या हातानं भाजलं.” मला वाईट वाटलं की राग येतो, तर मी बायकांवर सुटले. खादाड काय, आंधळ्या काय, तोंडाला येईल ते बोलले.

तेवढ्यात मागून एक जण म्हणाली, “चाची, तू मला मूठभर बी दिल्तं की. माझ्या हरभऱ्याच्या कडंला एक ओळ लावलीय. चिल्यापिल्यांच्या हुरड्याला.”

दुसरी म्हणाली, “मला बी दिल्तं, बाजारात! विहिरीपाशी हाय.”

“आमच्या इकडं बी हाय!” “माझ्या नणंदेकडं, भोकरदनला!”

अहो, मग जो गलका उठला! चाचीला जीपमध्ये साहेबांच्या शेजारी बसवली आणि निघाली वरात बांधाबांधावरून. आम्ही मागं पळत. गाडी थांबली की चाची कणीस मोडायची, हातावर चोळायची, दाणा तोंडात टाकायची. “बराबर! माझंच हाय!” आणि गाडी पुढं. एका ठिकाणी मात्र थुंकली. “हे बाजारातलं. झूट बोलून राह्यलीस.” ती बाई महिनाभर आमच्याशी बोलली नाही.

सूर्य कलला तेव्हा साहेबांनी विचारलं, “नोंद तुमच्या नावानं करायची ना?”

“माझ्या वावरात काय हाय साब? बोडकी ताटं. ज्यांच्या बांधावर सापडलं, त्या समद्यांच्या नावानं करा.”

पिकल्यावर प्रत्येकीनं आपल्या ओळीतलं बी आणून दिलं. साहेब तपासणीला घेऊन गेले, उरलेल्या बियाचे डबे भरले. चाची रोज पंचायतीसमोरून जाताना विचारायची, “कागद आला का गं?” सरकारी काम, वेळ लागणारच. उन्हाळ्यात ती दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली. गिरणी बंद ठेवून मी तिच्या अंगणात बसून होते. रडले, सांगायला लाज कसली?

कागद आला तो पेरणीच्या तोंडावर. साहेब स्वतः घेऊन आले. खोलीचं उद्घाटन त्याच दिवशी. भिंतीला डबे ओळीनं लावलेले, बायका नव्या लुगड्यांत. कागदावर गावाचं नाव, गटाचं नाव. मी जोरात वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. “चाची कुठं आहेत?”

मी कागदाची घडी घालायला लागले. दुसऱ्या एकीनं सांगितलं.

साहेब भिंतीच्या डब्यांकडं वळले. मग त्यांनी माझ्यासमोर हात धरले. एक नाही, दोन्ही.

मी डबा उघडला आणि मूठभर बी त्यांच्या ओंजळीत ओतलं. ओंजळ भरेना. चाचीची एक मूठ पुरायची. मला आणखी एकदा डब्यात हात घालावा लागला.