वस्तू जागेवर

नॉटिंगहॅमच्या सांडपाणी प्लांटवरचे आमचे नागपूरकर सुपरवायझर भारी टापटिपीचे. कुणाचा कप टेबलावर राहिला की स्वतः विसळायचे आणि म्हणायचे, “वस्तू जागेवर पाहिजे ना बाप्पा!”

पंप उघडण्याआधी स्विच बंद करून, कुणी चुकून चालू करू नये म्हणून त्याला आपलं कुलूप लावायचं, हे मला त्यांनीच शिकवलं.

त्या दुपारी पंपात कोपरापर्यंत हात घालून मी अडकलेल्या चिंध्या ओढत होतो. तेवढ्यात ते स्विचच्या खोलीतून माझं कुलूप घेऊन हसत आले.

“काम संपल्यावर काढायला विसरलास ना रे? मास्टर किल्लीने काढलं. स्विचही चालू करून आलो.”

मी हिसक्यासरशी हात बाहेर ओढला. टाकी भरली की आपोआप सुरू होणारा तो पंप पुढच्याच क्षणी गरगरू लागला.

त्यांनी वाकून माझ्या हातून पडलेली चिंधी उचलली आणि डब्यात टाकली.